कमी गोडाचे पातेले

शनिवार. उद्या पहिला रोजा.

प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणायच्या, प्रयोग करणाऱ्याने रोज लिहावे आणि चुका आधी लिहाव्यात. म्हणून ही वही. चुका अजून झालेल्या नाहीत, तेव्हा परिस्थिती लिहिते.

दोन आठवड्यांपूर्वी मा न्हाणीघरात घसरली. तिचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि गळ्यात झोळी. तुंपात गावच्या रमजान बाजारात एकोणीस वर्षे आमची पर्चिक कोंबडीची गाडी लागते. माझे वडील, अबाह, निखाऱ्यावर कोंबडी भाजतात, मा नारळाच्या दुधाचा दाट रस्सा करते आणि तो भाजलेल्या कोंबडीवर ओतायचा. यंदा रस्सा मी करणार. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि पदवीही अन्नशास्त्राची. माझा प्रबंधच 'पारंपरिक नारळरश्श्यातील साखर व मीठ कमी करणे' या विषयावर होता. बारा परीक्षकांपैकी अकरा जणांनी माझा रस्सा 'स्वीकारार्ह' ठरवला. बारावा आमच्या गोडखाऊ केलांतान राज्यातला होता.

मोठे काका पाक लांग यांनी दूर शाह आलम शहरात एका टाइल्सच्या कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे. काम फायली लावण्याचे. मला जायचे नाही. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात मधुमेह आहे. आपल्या माणसांना आपलेच जेवण बाधू नये, यासाठी इथे राहून काही करायचे आहे. आज अबाहनी निकाल दिला.

"विसाव्या रोज्यापर्यंत पातेलं तुझं. गिऱ्हाईक टिकलं तर राहा. नाही टिकलं तर ईद झाली की पाक लांगकडे."

"आणि मा मध्ये बोलणार नाही," मी म्हटले.

"मी? मी बोलते का कधी?" मा म्हणाली. त्यानंतर ती पाऊण तास बोलली.

पहिला रोजा, रविवार

ताडगूळ माच्या मापाच्या एक तृतीयांश, मीठ निम्मे, दाट दुधाऐवजी पातळ. सगळे काट्यावर मोजले. मा आजवर मुठीने घालत आली. मूठ हे माप नाही, असे तिला दोनदा समजावले.

"आणि चाखणार कशी? रोजा आहे तुला."

"काटा असला की चाखावं लागत नाही, मा."

"हं," मा म्हणाली.

रस्सा उकळी धरत होता तेवढ्यात माला आठवले की बर्फ आणायचा राहिला. धावत जाऊन आणला. परत येऊन पाहते तर रस्सा मी सोडून गेले होते त्यापेक्षा दाट आणि रंगाने किंचित सोनेरी. नारळाच्या दुधातली प्रथिने उष्णतेने एकत्र येतात, त्याचा हा परिणाम असावा. अबाह ढवळत होते. मा आकाशाकडे बघत होती.

गाडीवर मी पाटी लावली: 'गूळ कमी, मीठ कमी, माया तेवढीच.' शेजारी काक सेनाह, म्हणजे सेनाहताई, आकोक विकतात. अंडी, नारळाचे दूध आणि गूळ पितळी साच्यात घालून वर-खाली निखारे ठेवायचे, म्हणजे आकोक. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली.

"मग मी काय लिहू गं नाद्रा? 'गूळ जास्त, दवाखाना जवळच'?"

सहा वाजता सगळी कोंबडी संपली. मगरीबच्या बांगेला रोजा सोडला आणि पहिला घास घेतला. हुबेहूब माच्या हातची चव! एक तृतीयांश गुळात! माझ्या डोळ्यांत पाणी आले. मालाही समाधान वाटले असावे, कारण ती माझ्याकडे न बघता भात वाढत होती.

तिसरा रोजा, मंगळवार

आज पाक सू डेरामान आले. पूर्वी शाळेची बस चालवायचे. त्यांना बारा वर्षांपासून मधुमेह. त्यांची बायको मोक सू त्यांना या बाजूला फिरकू देत नसे. माझी पाटी वाचून ती स्वतः त्यांना घेऊन आली.

"खरंच कमी आहे ना गं? तू शिकलेली आहेस, म्हणून विचारते."

"एक तृतीयांश, मोक सू. काट्यावर मोजून."

पाक सूंनी दोन तुकडे घेतले. अशा एका माणसासाठीही मी तुंपातला राहीन.

सहावा रोजा, शुक्रवार

घरात मुंग्या फार झाल्या आहेत. विशेष म्हणजे त्या माच्या हाताच्या झोळीवर चढतात. प्लास्टरमध्ये पिठासारखा काही पदार्थ असावा. औषधाच्या दुकानात विचारले पाहिजे.

सातवा रोजा, शनिवार

पाक सू म्हणाले, "थोडं अळणी लागतं, पण तब्येतीसाठी खातो बाळ." आज त्यांनी चार तुकडे नेले. माणसाच्या मनाचे बळ किती मोठे असते!

अकरावा रोजा, बुधवार, सकाळ

कालचे आज लिहिते.

काल मा प्लास्टर दाखवायला मावशीबरोबर कोता बारूला गेली होती. जाताना तीनदा मागे वळून म्हणाली, "आज नको लावूस गाडी." मी हसले. अबाहनी माझ्या पातेल्याकडे बघितले, मग निखाऱ्यांकडे बघितले.

रस्सा नेहमीसारखाच मोजून केला. काल तो दाट झाला नाही. हवेत दमटपणा होता. साडेतीनला काक सेनाह ताडपत्रीच्या कडेने हळूच आल्या. बाजारातल्या सगळ्या बायकांचा एक जुना रिवाज आहे. ज्या बाईला पाळीमुळे त्या आठवड्यात रोजा नसतो, ती मागे आडोशाला बसून सगळ्यांच्या भांड्यातले चमचाभर चाखते आणि काय कमी-जास्त ते सांगते. पुरुषांना हे माहीत असते आणि ते माहीत नसल्यासारखे वागतात.

"या आठवड्यात मला रोजा नाही," काक सेनाह कुजबुजल्या. "दे चमचाभर. तुझी मा नाहीये आज."

"चव ही व्यक्तिसापेक्ष असते, काक. एका जिभेवर निष्कर्ष काढता येत नाही."

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "निष्कर्ष नको. रस्सा दे."

मी दिला नाही. हे इथे मुद्दाम लिहून ठेवते.

दुपारपासून अन्नाच्या वासात उभा असलेला रोजेदार माणूस डोळ्यांनी खरेदी करतो. काल कोंबडी इतकी सुंदर भाजली गेली होती की पावणेसहालाच सगळी संपली. मी आनंदाने घरी आले. मा तेवढ्यात पोहोचली होती. ताट पुढ्यात घेऊन आम्ही बसलो. बांग झाली. सगळ्या तुंपातने एकदम पाणी प्यायले, एकदम खजूर खाल्ला आणि एकदम आमच्या कोंबडीचा घास घेतला.

अबाह बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "भाजली छान गेलीय."

माने घास खाली ठेवला. "किती गेली?"

"सगळी," मी म्हटले.

"या अल्लाह," मा म्हणाली.

त्या घासाला चव नव्हती. वाईट चव होती असे नाही, चवच नव्हती. ओला कागद चावावा तसे.

मग फोन वाजला. मोक सूंचा. पण तक्रारीसाठी नव्हे. "नाद्रा, जवळ येऊ नका कुणी! पाक सूंच्या तोंडाची चव गेलीय. मागच्या खोलीत ठेवलंय त्यांना. ताट दाराबाहेर सरकवते. मलाही काही लागेना गं!"

त्यानंतर शिंप्याच्या घरून. मग पोस्टातल्या बाईंकडून. करोनाची साथ आता कुठे ओसरली होती आणि सगळ्यांना एकच भीती बसली होती. अर्ध्या तासात औषधाच्या दुकानातली टेस्ट किट संपली. रात्री मशिदीत तरावीहच्या नमाजला गेले तर लोक पुन्हा हातभर अंतर सोडून उभे. गेल्याच आठवड्यात खांद्याला खांदा लावून उभे राहायची परवानगी मिळाली होती, तेव्हा रडलेले लोक हे. सगळ्यांच्या किटवर एकच रेघ आली. तेव्हा कुठे लोक शांतपणे आठवू लागले की आपण संध्याकाळी काय खाल्ले होते.

कुणी शिव्या दिल्या नाहीत. मशिदीच्या पायऱ्यांवर शिंप्याची बायको एवढेच म्हणाली, "इतकं आजारी वाटलं नव्हतं गं, खरोखर आजारी होते तेव्हासुद्धा."

अकरावा रोजा, संध्याकाळ

आज मा होती. रस्सा त्याच मापाने केला आणि उत्तम झाला. पण अर्धी कोंबडी उरली. लोक लांबूनच सलाम करून पुढे जातात. कालचे नारळ कोवळे असावेत, असा माझा अंदाज. उद्या प्रयोग पुन्हा करून बघते.

बारावा रोजा, गुरुवार

नारळ कोवळे नव्हते.

प्रयोग अचूक व्हावा म्हणून मी एकेक घटक दोनदा मोजला. उकळी यायच्या वेळी माने मला काक सेनाहकडे केळीची पाने आणायला पाठवले. वाटेत आठवले की फोन चुलीशेजारीच राहिला आहे. मागच्या दाराने परत आले.

अबाह ढवळत होते. मा पातेल्याजवळ वाकून डाव्या हाताने झोळीतून, प्लास्टरच्या आतल्या बाजूने, ताडगुळाच्या ढेपा काढत होती. एक. दोन. तीन. मग दाट दुधाचे भांडे. मग मीठ, मुठीने.

"हे काय?"

मा दचकली. "प्लास्टरला खाज सुटली होती गं."

"गुळाने?"

"मी फक्त ढवळतो," अबाह म्हणाले.

मी खाली बसले. दहाच्या दहा दिवसांचा हिशोब एका क्षणात लागला. रोज काही ना काही आणायला पाठवणे: बर्फ, पाने, दोरी. आणि मुंग्या.

"मा, तू माझ्याकडून पाटीवर खोटं लिहून घेतलंस. मधुमेहाच्या माणसाला मी शपथेवर सांगितलं!"

"मी कुठे वाचली तुझी पाटी? माझा चश्मा—"

"चश्मा तुझ्या डोळ्यांवर आहे."

मा डाव्या हाताने झोळी सारखी करत म्हणाली, "पहिल्या दिवशी तुझ्या रश्श्याची वाफ हुंगली. म्हटलं, पोरगी गेली शाह आलमला."

मला फार राग आला होता. अजून आहे. पण राग लिहायला बसले की पुढचे वाक्य सुचत नाही.

तेरावा रोजा, शुक्रवार

सकाळी पाक सूंच्या घरी जाऊन खरे सांगितले. मोक सू दारातच होत्या, तेव्हा दोघांनाही एकदमच सांगितले: दहावा रोजा सोडला तर रोज पूर्ण गूळ होता.

पाक सू त्यांच्या मागून हातांनी काहीतरी खुणा करत होते. मला धीर देत असावेत.

मोक सू हळूच नवऱ्याकडे वळल्या. "दहा दिवस 'अळणी लागतं गं, गिळवत नाही' म्हणत होतास ना रे?"

"तब्येतीसाठी..." पाक सू म्हणाले.

"चार-चार तुकडे गिळवले?"

मी माफी मागून निघाले. रस्त्यापर्यंत मोक सूंचा आवाज येत होता. त्या दोघांमध्ये माझ्यामुळे वितुष्ट यावे याचे फार वाईट वाटते.

दुपारी जुनी पाटी काढून नवी लावली: 'आजवर, दहावा रोजा सोडून, या रश्श्यात पूर्ण गूळ होता. पाटी खोटी होती. आजही गूळ पूर्ण आहे. क्षमा असावी. नाद्रा.' मा म्हणाली, "आता कुत्रंही येणार नाही." पण साडेचारला रांग मशिदीच्या फाटकापर्यंत गेली! लोकांना प्रामाणिकपणाची इतकी ओढ असेल असे मला वाटले नव्हते. एक बाई तर दोनदा विचारून गेली, "आजही पूर्ण आहे ना? नक्की?" तिला खातरी करून घ्यायची होती, हे योग्यच.

पंधरावा रोजा, रविवार

आजपासून मला रोजा नाही. हे मी फक्त माला सांगितले होते. दोन वाजता काक सेनाहनी ताडपत्रीमागून हाक मारली. "ये निष्कर्षवाल्या बाई. माझी सुटी संपली, तुझी सुरू झाली."

मागे भाताच्या गोणीवर बसवले आणि चमच्यांची रीघ लागली. पहिला आकोक, साच्यातून नुकता निघालेला. वरून करपट खमंग, आतून इतका ओला की बोट लावले तर हलतो. "कसा?" काक सेनाहनी विचारले. मी म्हटले, "गोड." त्या म्हणाल्या, "ते आंधळाही सांगेल. मीठ कसं?" मी पुन्हा खाल्ला. मीठ! आकोकमध्ये मीठ असते, हे मला चोवीस वर्षांत माहीत नव्हते. "चिमूटभर कमी," मी म्हटले आणि त्यांनी खरोखर चिमूटभर घातले. कुणीही टक्केवारी विचारली नाही.

मग लाक्साम, तांदळाच्या जाड गुंडाळ्यांवर मासळीचा पांढरा रस्सा. मग मासळी आणि नारळ भरून वाफवलेली हिरवी मिरची, ती खाऊन पाच मिनिटे बोलता आले नाही आणि बायका माझ्या तोंडाकडे बघून समजल्या, "ठीक आहे." मग मुर्तबाक, कडा कुरकुरीत, मधे अंडे आणि खिमा; त्या बाईला म्हटले कांदा कमी आहे, तर ती म्हणाली, "कांदा महाग आहे, मीठ सांग." बाहेर शंभर माणसे उपाशीपोटी वास घेत उभी आणि मी आडोशाला, घामाघूम, बोटे चाटत. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. चार वर्षे मी अन्न शिकले. अन्न खाल्ले बहुधा आजच.

शेवटी मा आली. बाराव्या रोज्यापासून आम्ही कामापुरतेच बोलत होतो. तिने तिच्या रश्श्याचा चमचा पुढे केला. "डोळे मिट. गूळ कुठे लागतो?"

मी डोळे मिटले. बराच वेळ लागला. "आल्याच्या मागे."

"हां," मा म्हणाली. "त्याने आलं धरून ठेवलंय. तू त्याला काढून टाकलंस, मग आलंही गेलं, हळदही गेली. घरातला कर्ता माणूस गेल्यासारखं."

"मग त्याच्या जागी दुसरं कुणी आलं धरून ठेवलं तर?"

मा विचारात पडली. मी तिला विचारात पडलेली पाहिली, हीसुद्धा नोंद.

सतरावा रोजा, मंगळवार

मा आणि मी सकाळपासून लहान पातेल्यावर. गूळ निम्मा. त्याखाली नाही, खाली गेले की आले पळते. दूध दाटच. भाजून कुटलेला नारळ जास्त, आणि आंबटपणासाठी कोकमासारख्या फळाच्या सुक्या फोडी दोनऐवजी तीन. मला रोजा नाही म्हणून चाखणारी मी. मा नुसती वाफेवर नाक धरते आणि माझ्याआधी सांगते. सहा वेळा केला. सहाव्यांदा दोघी एकदमच म्हणालो, "आता."

माच्या रश्श्याइतका छान नाही. पण हा खाऊन कुणी किट आणायला पळणार नाही.

अठरावा रोजा, बुधवार

गाडीवर दोन पातेली. मोठे माचे, लहान माझे. लहानावर फक्त 'निम्मा गूळ' एवढेच लिहिले, तेवढेच खरे आहे म्हणून. तीन गिऱ्हाइके आली. पहिल्या मोक सू. स्वतः चमचा हुंगून त्यांनी दोन तुकडे नेले. दहा मिनिटांनी पाक सू दुसऱ्या बाजूने आले आणि मोठ्या पातेल्यातला एक तुकडा मागितला. मांजरासाठी.

"मांजराला रस्सा नको असेल ना, पाक सू?"

"घाल घाल. भरपूर घाल. लाडकं आहे."

माने तो तुकडा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि लहान पातेल्यातला दिला. "मांजराचंही वय झालंय," ती म्हणाली. पाक सू फार हिरमुसले. प्राण्यांवर एवढे प्रेम असलेला माणूस विरळा.

विसावा रोजा, शुक्रवार

आज मुदत संपली. काल लहान पातेल्याची पाच गिऱ्हाइके होती, आज सात. शिंप्याची बायको, पोस्टातल्या बाई, मोक सू आणि चौघे नवीन. मोठ्या पातेल्याची रांग फाटकापर्यंत.

अटीप्रमाणे पाहिले तर मी हरले. गिऱ्हाईक टिकले ते माच्या पातेल्याचे. म्हणून संध्याकाळी गाडी आवरताना मी स्वतःच अबाहना म्हटले, "पाक लांगना कळवा. ईद झाली की येते."

अबाहनी हात पुसले, मोठ्या भावाला फोन लावला. मी पातेले घासत होते, पण कान तिकडेच.

"अस्सलामु अलैकुम, अबांग. हो, नाद्राबद्दलच. नाही येत ती... नाही, नाही जमत. तिचं पातेलं चालू झालंय इथे... हो, वेगळं. निम्म्या गुळाचं."

पाक लांगचा आवाज मोठा आहे. गिऱ्हाईक किती, हे त्यांचे विचारणे मलाही ऐकू आले.

"सात," अबाह म्हणाले.

पलीकडून काहीतरी.

"सत्तर नाही, अबांग. सात."

मा काक सेनाहशी बोलता बोलता थांबली. मी पातेले घासायची थांबले. पाक लांग बराच वेळ बोलत होते. पदवी, चार वर्षे, मुलीचे आयुष्य असे शब्द येत होते. अबाह नेहमीसारखे ऐकून घेत राहिले. मग म्हणाले,

"पदवी आहे म्हणूनच सात झाली, अबांग. आम्ही एकोणीस वर्षांत असं एकही गिऱ्हाईक केलं नव्हतं."

फोन खिशात ठेवून ते माझ्याकडे वळले. "उद्या लहान पातेल्यासाठी कोंबड्या किती?"

"दोन पुरतील," मी म्हटले.

"तीन घेतो," अबाह म्हणाले.